मी वर आहे

ईशान, मीरा,

गेल्या रविवारी फोनवर मीराने विचारलं, “आजी, दत्ताआजोबा तुझे नक्की कोण होते?” मी ‘ब्रदर-इन-लॉ’ असं उत्तर दिलं आणि फोन ठेवल्यावर दिवसभर त्या उत्तरावर चिडून होते. जन्मभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं, त्या भाषेवर माझं प्रेम आहे, पण तिने दीर, मेव्हणा, नणंदेचा नवरा आणि बहिणीचा नवरा अशा सगळ्यांना एकाच खुर्चीत बसवून ठेवलं आहे. दत्ताआजोबा माझे दीर होते, म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. त्यांना जाऊन दीड महिना होत आला.

आत्ताच लिहायला बसले, कारण मला माझा स्वभाव माहीत आहे. मी सगळं घडी घालून ठेवते. आणखी थोडे दिवस गेले तर दत्ताआजोबांनाही इस्त्री होईल, कडा जुळतील आणि ते कधीच नव्हते इतके गुणी होऊन कपाटात जाऊन बसतील. तसं व्हायला नको. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेही मला ठाऊक आहे. लागू दे. ही हकिगत एका मराठी शब्दावरून सुरू होते आणि तो शब्द मला इंग्रजीत नेता येत नाही.

यापुढचं सगळं मी त्यांच्याशी बोलणार आहे. तुम्ही दोघं शेजारी बसून ऐका.

*

भाऊजी,

रोज सकाळी खालच्या मजल्यावरून वर यायचात आणि दारातूनच विचारायचात, “वहिनी, चहा चालू आहे की बंद?” मी म्हणायची, “चहा काय पंखा आहे का?” तुम्ही म्हणायचात, “आमच्यासाठी जगात दोनच गोष्टी, चालू आणि बंद.” इतकी वर्षं तोच विनोद. मला तो कधीच आवडला नाही. आता कोणी करत नाही, तर सकाळी दाराकडे बघायचं मी टाळते.

‘चालू’ या शब्दाशी तुमचं वैर होतं. त्याचं कारण तुम्ही मला एकदाच सांगितलंत. वीज कंपनीत लागायच्या आधी तुम्ही एका ठेकेदाराकडे होतात, मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. एका कारखान्याच्या शेडवर वायरिंगचं काम होतं. तुमचा जोडीदार शंकर वर चढला होता, तुम्ही खाली शिडी धरून होतात. मेन स्विच बंद करून त्यावर पाटी लावली होती. ‘काम चालू आहे, स्विच चालू करू नये.’ जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी त्याच खिळ्याला आपल्या डब्याची पिशवी अडकवली. पाटीचा बाकी मजकूर झाकला गेला आणि दिसत राहिलं ते फक्त ‘चालू आहे’. जेवून आलेल्या एका भल्या माणसाने ते वाचलं, स्विच खाली पडलेला पाहिला, त्याला वाटलं चुकून पडला असेल. त्याने तो वर केला.

“शिडीला हात होता माझा,” तुम्ही म्हणालात, “लाकडी होती म्हणून मी आहे.” पुढचं मी विचारलं नाही.

हे तुम्ही सांगितलंत ते मला पाटी रंगवायला बसवलंत त्या दिवशी. निवृत्त झाल्यावर कंपनीतल्या मुलांनी तुम्हाला आपल्या स्वयंसेवी गटात ओढलं होतं. दर रविवारी कुठल्या तरी शाळेच्या, दवाखान्याच्या, वस्तीतल्या पाळणाघराच्या छपरावर सौर पॅनल बसवायची. पॅनल कंपनी द्यायची, घाम कर्मचाऱ्यांचा. तुम्ही एक फळकूट घासून आणलंत, लाल रंगाचा डबा आणलात आणि म्हणालात, “अक्षर तुमचं चांगलं आहे. तुम्ही लिहा.”

“काय लिहू?”

“मी वर आहे.”

मी ब्रश खाली ठेवला. “ही काय पाटी झाली? ‘मी’ म्हणजे कोण? पाटी बोलते का? ‘वर माणूस आहे’ असं लिहा.”

“नको. माणूस म्हटलं की तो दुसराच कोणीतरी असतो.”

“अहो, पण वाचणारा ‘मी’ वाचेल तर त्याला वाटेल आपल्याबद्दलच लिहिलंय.”

“तेच तर पाहिजे, वहिनी,” तुम्ही म्हणालात. “वाचताना मनातल्या मनात तो ‘मी वर आहे’ म्हणणार. स्वतःच वर असला, तर खालचा स्विच कोण चालू करेल?”

मी व्याकरणाची बाई. मला ते पटलं नाही. अजूनही सर्वनाम असं वापरायचं नसतं असंच माझं मत आहे. पण मी लिहिलं, तीन शब्द, मोठ्या अक्षरात, आणि कुठेही ‘चालू’ नाही. खाली नाव घाला म्हटलं, तेही तुम्हाला नको होतं. “उद्या दुसरा कोणी वर जाईल, त्याने काय वेगळी पाटी करायची?”

पाटीचे नियम तुम्ही सगळ्या गटाला पाठ करून घेतले होते. ज्याने लावली त्यानेच काढायची. दुसऱ्या कोणाला काढायचीच वेळ आली, तर आधी हाक मारायची, “उतरलास का?” आणि “उतरलो” हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय हात लावायचा नाही. घरीसुद्धा तुमचं हेच. दिवाळीत माळ्यावरून डबे काढायला चढायचात आणि वरून ओरडायचात, “वहिनी, मी वर आहे!” तुम्ही उतरेपर्यंत मी स्वयंपाकघरातला दिवाही लावायचा नाही. ईशान लहानपणी आला होता तेव्हा दिवसभर सोफ्यावर चढून तेच ओरडत होता. त्याला खाली उतरवताना तुम्ही दर वेळी अगदी गंभीरपणे विचारायचात, “उतरलात का साहेब?”

*

त्या रविवारांवरून आपलं भांडण होतं आणि ते तुमच्या जाण्याने मिटलेलं नाही.

पॅनल बसवायचा दिवस मी पाहिला आहे. चाकणजवळ नाणेकरवाडीच्या पलीकडे लताचं पाळणाघर, तिथे तुम्ही मला हौसेने नेलं होतंत. सगळ्यांच्या अंगात एकसारखे हिरवे टी-शर्ट, ‘स्वच्छ ऊर्जा, उजळ उद्या’ असा फलक, एक अधिकारी, एक नारळ, पुष्कळ फोटो. लेकरांना ओळीने उभं करून हातात छोटे झेंडे दिले होते. आणि तो पत्रा! भट्टीच्या झाकणासारखा. आत पंखे फिरायला लागले तेव्हा एक बाळ वर बघून हसलं, हे मी नाकारत नाही. पण परतताना गाडीत मी म्हटलं, “बसवायला वीस जण. पुसायला किती येणार?”

चाकणची धूळ काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. ट्रक रात्रंदिवस जातात, बाजूला फाउंड्रीची राख. महिन्याभरात पॅनलवर साय धरते. ती पुसली नाही तर पंखे मंद होत जातात. फोटोतल्या वीस जणांपैकी पुढच्या महिन्यात सहा आले, मग तीन. शेवटी तुम्ही आणि ती प्राजक्ता, कंपनीतली तरुण इंजिनिअर, जिला तुम्ही ‘साहेब’ म्हणून चिडवायचात. मी म्हणत राहिले की हा सगळा फोटोंचा कारभार आहे. तुम्ही म्हणत राहिलात, “फोटो काढायला का होईना, पॅनल आलं ना वहिनी? आपण भांडून आणलं असतं का?” मी म्हणायची, तुमची स्वच्छ वीज दिवसापुरती, कारखान्यातली दुसऱ्या पाळीची बाई सुटते तेव्हा सूर्य कुठे असतो? तुम्ही म्हणायचात, “तिचं पोर तर दिवसा झोपतंय ना गार वाऱ्यात.” या वादात कोणीच जिंकलं नाही. तुम्ही माझी भाजी संपवून खाली निघून जायचात.

आणि माझे नॅपकिन! निळ्या चौकड्यांचे, स्वयंपाकघरातले. एकेक करून नाहीसे होत होते. मी तुम्हाला सरळ विचारलं. तुम्ही ग्रिलमधून कावळ्याकडे बोट दाखवलंत. वयाच्या सत्तरीला आलेला माणूस कावळ्यावर आळ घेतो! लता तुम्ही गेल्यावर मला म्हणाली, “काका दर आयतवारी निळ्या फडक्यानं आरसे पुसायचे.” ती पॅनलला आरसे म्हणते.

*

शेवटच्या रविवारी तुम्ही उशिरा आलात. चेहरा करपल्यासारखा झाला होता. चहा दिला तर तुम्ही पाणी मागितलंत. आठवड्यापूर्वी लताच्या पाळणाघरात एका मुलीला नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या होत्या. लताने तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हणालात, “नळात करंट उतरतोय. कुठून ते सापडलं. सगळं बंद करून कुलूप घातलंय, पाटी लावलीय. सूर्याची आणि कंपनीची, दोन्हीकडची वीज बंद. उद्या केबल आणतो, परवा बसवतो.”

मी विचारलं, “तुम्ही एकटे वर चढला होतात?”

“प्राजक्ता गावाला गेलीय.”

“मग थांबायचं. या वयात, या उन्हात, पत्र्यावर? कंपनी माणूस पाठवू शकत नाही?”

“कंपनी म्हणजे कोण, वहिनी? मीच की.”

“तुम्ही नाही. तुम्हाला निवृत्त केलंय त्यांनी. तुम्ही पडलात तर ते फलकावर तुमचा फोटो लावतील, बास.”

तुम्ही हसला नाहीत. “मग मुलीने नळाला हात लावायचा का?” एवढं बोलून उठलात. दारात चपला घालताना म्हणालात, “उद्या चहा बंद ठेवा. मी सकाळीच पिंपरीला जाणार.”

ते शेवटचं. आणि तुम्हाला वाटत असेल की मी आता माझं बोलणं मागे घेईन, तर नाही घेणार. माझं म्हणणं बरोबर होतं. तुमचंही बरोबर होतं. म्हणूनच हे असं बोचत राहतं.

सोमवारी पिंपरीच्या दुकानात केबल मोजून घेतलीत, पैसे दिलेत आणि काउंटरपाशी खाली बसलात. दुकानदाराने रिक्षात घातलं. मी पोचले तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन माझ्याकडे न बघता नर्सशी बोलत होते, त्यावरून मला कळलं.

लाकडं जाळू नका, मला विजेवर न्या, असं तुम्ही नेहमी म्हणायचात. “जन्मभर लोकांना दिली, शेवटी थोडी मलाही घेऊ द्या.” तसंच केलं. तुम्हाला मूलबाळ नाही, तुमची बायको शालिनी जाऊन इतकी वर्षं झाली, माझा मुलगा विमानात होता. म्हणून स्मशानात मी गेले. सोसायटीतले एकदोघे म्हणाले, बायका येत नाहीत. मी म्हटलं, या येतात. दाहिनीचं दार लागलं. तिथला माणूस बटणावर बोट ठेवून माझ्याकडे वळला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “चालू करू का?”

भाऊजी, सगळ्या मराठी भाषेत त्याला तोच शब्द सापडला. मी ‘करा’ म्हटलं.

*

इस्पितळातून एक प्लॅस्टिकची पिशवी मिळाली होती. घड्याळ, चष्मा, सुतळीत ओवलेली एक किल्ली. दुकानदाराने केबलचं वेटोळंही घरी पोचवलं. किल्ली कशाची ते माझ्या लक्षात आलं नाही. मी तुमच्या घरातल्या प्रत्येक कुलपाला लावून पाहिली. लागेना, तेव्हा माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवून दिली. रविवारचं आपलं बोलणं मी विसरले नव्हते, पण त्यातलं ‘कुलूप’ ऐकू आलं नव्हतं. मला फक्त ‘पत्र्यावर’ ऐकू आलं होतं.

तेराव्यानंतर लताचा फोन आला. आधी रडली. मग म्हणाली, “बाई, इचारू नये ह्या टायमाला, पण काकाची पाटी हाय तशीच लटकायली. लेकरं उकडून जायलीत. काय करू?”

मी रिक्षा केली आणि गेले. पाळणाघरात शिरताना तोंडावर गरम वाफ आली. बाळं ओल्या चादरीवर निजवली होती, दोन मोठ्या मुली पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. पाणी शेजारून हंड्याने आणलेलं. एका बाळाला उन्हाचा ताप येऊन दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. आणखी एका आईने आपलं लेकरू लातूरला सासूकडे पोचवलं आणि परत कामावर गेली. लता हे सगळं मला तक्रार केल्यासारखं सांगत नव्हती. चूक कोणाची आहे ते तिला ठरवता येत नव्हतं, एवढंच.

जागेचे मालक आबा तिथेच बसले होते, जुने गावकरी. म्हणाले, “ताई, म्या किती येळा म्हनलं, कुलूप फोडतो. एका हातोड्याचं काम हाय. ही बया आडवी हुभी ऱ्हाते.”

“मग?” लता म्हणाली. “पोरीला झटका बसल्याला तुम्ही बगितला नव्हता का, आबा? काका बोलले व्हते, म्या काडल्याबिगर काडायची न्हाई.”

“आगं, पन काडनार कोन आता? आमी काय लेकरांचं वैरी हाय व्हय?”

मग भिंतीला टेकून बसलेली एक चारपाच वर्षांची मुलगी माझ्या अक्षरांवरून दुरूनच बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागली. “मी. व-र. आ-हे.” लता खाली बघून म्हणाली, “रोज वाचायलीत. त्यांना वाटतंय काका आजून पत्र्यावरच हाईत. म्या काई बोलले नाही.”

मी त्या पाटीसमोर उभी राहिले. किल्ली डबीसकट माझ्या पर्समध्ये होती, तिथे कुलूप बघताच मला ती कशाची ते कळलं. एक क्षण वाटलं, उघडावं. सगळी बाळं माझ्याकडे बघत होती. मग मी माझंच अक्षर वाचलं, मनातल्या मनात, ‘मी वर आहे’. आणि हात पुढे जाईना. तुमचं ते सर्वनाम, भाऊजी. मी ज्याला चूक म्हणत होते ते.

तुम्हाला दोष सापडला होता. कुठे, ते तुम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्यावरचा माझा सगळ्यात मोठा राग हा आहे. जन्मभर शिस्त शिकवलीत आणि शेवटचं वाक्य अर्धं ठेवून गेलात.

*

घरी येऊन कंपनीच्या कार्यालयात फोन केला. तिथले गृहस्थ सज्जनपणे बोलले. तुमच्या नावाने वृक्षारोपण करायचं ठरलं होतं, फलक छापायला गेला होता, फोटो चांगला हवा होता. ‘हरित सेवक’ असं लिहिणार होते. मी म्हटलं, फोटो देते, त्याआधी मीटर घेतलेली दोन माणसं द्या. ते म्हणाले, “मॅडम, तो प्रकल्प आम्ही संस्थेकडे हस्तांतरित केलाय. आता ती जबाबदारी त्यांची.” मी विचारलं, “संस्था म्हणजे लता?” ते म्हणाले, कागदोपत्री तसंच. मी त्यांना फोटो दिला नाही. हे तुम्हाला आवडलं नसतं. फोटो द्या, मग माणसं मिळतात, असं तुम्ही म्हणाला असतात. कदाचित मिळालीही असती. पण मी तुम्ही नाही.

मग प्राजक्ताला फोन लावला. ती रडायलाच लागली. तुमच्या शेवटच्या रविवारी ती गावाला होती, ते तिला गिळवत नव्हतं. मी म्हटलं, “रडायचं नंतर. या रविवारी येतेस का?”

ती आली. बरोबर गटातला आणखी एक जण आणला होता. हिरवे टी-शर्ट नव्हते. मी केबलचं वेटोळं घेऊन गेले होते. प्राजक्ताने ते हातात घेऊन बघितलं आणि म्हणाली, “काकू, ही जाडी पंख्यांच्या लाइनला लागते. मागच्या खोलीची लाइन पत्र्यावरून गेलीय.” तिने शिडी लावली. चढायच्या आधी ती पाटीकडे गेली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “लावायची गरजच नाही. लावलेलीच आहे.”

ती वर गेली. बराच वेळ पत्र्यावर फक्त पावलं वाजत होती. खाली सगळी मुलं माना वर करून ऐकत होती. मग पावलं थांबली. तिने हाक मारली, “काकू, तुमच्याकडे निळ्या चौकड्यांचे नॅपकिन आहेत का?”

मी म्हटलं, “होते.”

पत्र्याच्या कडेने केबलचं आवरण कापलं होतं. आत पंखे सुरू झाले की सगळ्या पत्र्यात करंट उतरत होता, आणि पत्र्याला टेकलेल्या पाइपातून नळात. तुम्ही त्या दिवशी केबल उचलून, माझ्या नॅपकिनची जाड घडी करून, कापलेल्या जागेखाली सरकवून ठेवली होतीत. दोन दिवसांनी येणार होतात म्हणून. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर विटेचा तुकडा. प्राजक्ता म्हणाली, घडी अगदी चौकोनी होती. कडा जुळवलेल्या. ती सवय तुमची नव्हे. ती या घरातली.

नवी केबल घातली. प्राजक्ता उतरली, नळ तपासला, पत्रा तपासला, दुसऱ्या मुलाकडून पुन्हा तपासून घेतला. आणि मग दोघंही पाटीपासून दोन हात लांब उभी राहिली.

“तुम्ही काढा, काकू.”

“मी लावली नाही.”

“मग हाक मारा.”

नियम तुमचाच. मी छपराकडे तोंड केलं. आयुष्यात मी तुम्हाला कधी नावाने हाक मारली नाही, तेव्हाही मारली नाही. “भाऊजी,” मी म्हटलं, “उतरलात का?”

ट्रकांचे आवाज येत होते. मुलं श्वास धरून पत्र्याकडे बघत होती. लताने तोंडाला पदर लावला. आबांनी टोपी काढली. मी नियमाप्रमाणे थांबले. उत्तर येणार नाही हे माहीत असून थांबणं फार अवघड असतं.

मग मुलांकडे बघून मी म्हटलं, “काका उतरलेत. मी स्वतः त्यांना पोचवून आले.”

मोठ्यांना कळलं. मुलांना जेवढं कळायचं तेवढं कळलं. त्या दिवशी पाटी वाचणारी मुलगी म्हणाली, “मग भेटले का न्हाईत आमाला?” मी पाटी काढली, कुलूप उघडलं. प्राजक्ताने स्विच वर केला. पंखे हलले. पॅनलवर महिन्याची धूळ होती, त्यामुळे ते हळूच फिरत होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

*

एक राहिलं. हे गेले तेव्हा नातेवाईक ओळीने येऊन मला ‘आम्ही आहोत’ म्हणून गेले. तुम्ही तसं म्हणाला नाहीत. दोन महिन्यांनी तुम्ही वाकडची मोठी जागा विकून चिंचवडला आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आलात आणि सांगितलंत की तिकडे पाण्याचा त्रास होता. पाण्याचा त्रास नव्हता, मी चौकशी केली होती. हे मला माहीत आहे, असं तुम्हाला सांगायचं राहून गेलं. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती. मी तुम्हाला वाढत गेले आणि तुम्ही माझी भाजी अळणी आहे म्हणत खात गेलात.

*

ईशान, मीरा, आता पुन्हा तुमच्याशी.

लातूरला गेलेलं ते लेकरू परत आलेलं नाही. वृक्षारोपण झालं, मी गेले नाही. प्राजक्ता एक रविवार सोडून एक जाते, कधी एकटीच. मी तिला जुने नॅपकिन देते. पत्र्यावरचा तो नॅपकिन मी घरी आणून धुतला. केबलचा काळा डाग निघाला नाही. तो बाकीच्यांबरोबर खणात आहे.

पाटी मी घरी आणणार होते. लता नको म्हणाली. ती पाळणाघरात मेन स्विचच्या शेजारी खिळ्याला, तोंड भिंतीकडे करून टांगलेली असते. प्राजक्ता वर जाते तेव्हा ती सुलटी करून स्विचवर लावते, उतरली की स्वतः काढते. मुलं खालून ओरडून विचारतात, “उतरलीस का?” आणि ती “उतरले” म्हणेपर्यंत कोणी नळाला हात लावत नाही.